समतोल कोणाच्या जोरावर?

तांब्याची एक लांब सळई घ्या. तिचं एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात बुडवा. पाणी उकळतं राहील आणि बर्फ संपणार नाही अशी व्यवस्था केली, तर थोड्या वेळाने सळईवरच्या प्रत्येक बिंदूचं तापमान ठरून जातं. मधोमध साधारण ५० अंश सेल्सिअस, गरम टोकाकडे जास्त, थंड टोकाकडे कमी. तासाभराने मोजा, दिवसभराने मोजा, आकडे तेच. तरीही ही सळई समतोलात नाही. तिच्यातून उष्णता अखंड वाहते आहे आणि ते आकडे त्या वाहण्यामुळेच टिकून आहेत. सळई बाहेर काढून उष्णता अडवणाऱ्या वेष्टनात गुंडाळली, की सगळीकडचं तापमान हळूहळू एक होतं. त्यानंतर जे उरतं तो समतोल.

भौतिकशास्त्रात पहिल्या अवस्थेला स्थिरावस्था म्हणतात. आत येणारं आणि बाहेर जाणारं सारखं असल्यामुळे तिथले आकडे हलत नाहीत. समतोलात हे येणं-जाणंच उरलेलं नसतं. नुसतं बघून दोन्हींतला फरक कळत नाही, पुरवठा तोडून बघावा लागतो. तोडल्यावरही जे तसंच राहतं ते समतोलात होतं. जे घसरतं ते कशाच्या तरी जोरावर उभं होतं.

हा फरक प्रयोगशाळेत काटेकोरपणे पाळला जातो आणि सार्वजनिक चर्चेत मात्र जवळजवळ कोणीच पाळत नाही. निसर्गाचा समतोल, बाजाराचा समतोल, शरीराचा समतोल, हवामानाचा समतोल हे सगळे शब्दप्रयोग आज युक्तिवाद म्हणून वापरले जातात. त्यांच्यावर धोरणं ठरतात, औषधं विकली जातात, निधी वाटले जातात. या वापरात तीन गोष्टी न बोलता गृहीत धरलेल्या असतात. समतोल आपला आपण टिकतो, ढळला तर परत जागेवर येतो आणि तो चांगला असतो. माझं म्हणणं असं आहे की खऱ्या समतोलाबद्दलसुद्धा या तिन्ही गोष्टी एकत्र क्वचितच खऱ्या ठरतात. आणि आपण ज्यांना समतोल म्हणतो त्यांतल्या बहुतेक व्यवस्था सळईच्या पहिल्या अवस्थेसारख्या आहेत. त्या टिकवण्याचा खर्च कोणीतरी, कुठेतरी, सतत करत असतं. समतोल हा शब्द तो खर्च झाकून टाकतो.

आधी खऱ्या समतोलाची अट किती कडक आहे ते पाहू. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसाया विलार्ड गिब्ज यांनी १८७५ ते १८७८ या काळात दोन भागांत प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात ही अट गणिताने बांधली. तापमान सगळीकडे सारखं हवं, दाबांचा मेळ हवा, आणि प्रत्येक रासायनिक घटकाची एका जागेहून दुसरीकडे जाण्याची ओढही सगळीकडे सारखी हवी. यातली एक अट पाळली आणि दुसरी मोडली, तर अर्धाच समतोल. सूर्य हे त्याचं मोठं उदाहरण. त्याचं गुरुत्वाकर्षण आणि आतला दाब यांचा मेळ जमलेला आहे, त्यामुळे तो कोसळत नाही की फुटत नाही. यांत्रिक अर्थाने तो समतोलात आहे. पण त्याच्या गाभ्याचं तापमान सुमारे दीड कोटी अंश आणि पृष्ठभागाचं साधारण ५,८०० केल्विन. उष्णतेच्या दृष्टीने तो समतोलापासून कितीतरी दूर आहे. म्हणूनच तो प्रकाशतो.

खरा समतोल निर्जीव शांततेसारखा असतो असंही नाही. गुल्डबर्ग आणि वागे या दोन नॉर्वेजियन शास्त्रज्ञांच्या १८६४ ते १८७९ या काळातल्या कामातून स्पष्ट झालं की रासायनिक समतोलात दोन्ही दिशांच्या अभिक्रिया चालूच असतात, फक्त त्यांचे वेग सारखे असतात. पुढे यातून आणखी बारीक अट निघाली. प्रत्येक पायरी तिच्याच उलट्या पायरीने फिटली पाहिजे. अ चं ब, ब चं क आणि क चं पुन्हा अ असं चक्र एकाच दिशेने फिरत असेल, तर तिघांचं प्रमाण कायम राहील, पण तो समतोल नव्हे. चक्र फिरवणारा कोणीतरी आहे. मला ही अट विज्ञानातल्या सर्वांत उपयोगी अटींपैकी एक वाटते, कारण ती प्रमाण मोजून थांबू देत नाही. प्रमाण कशाने कायम राहिलं, हे विचारायला लावते.

पुरवठा तोडून बघण्याची कसोटीही मात्र पुरेशी नाही. हिरा पेटीत बंद करून ठेवला तर तो हजारो वर्षं हिराच राहतो. पण नेहमीच्या तापमानाला आणि हवेच्या दाबाला कार्बनचं स्थिर रूप ग्रॅफाइट आहे, हिरा नव्हे. हिऱ्याचं ग्रॅफाइट होत नाही ते वाटेत ऊर्जेचा मोठा डोंगर आहे म्हणून. या अवस्थेला अर्धस्थिर म्हणतात. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं मिश्रणही असंच शांत बसून राहतं, ठिणगी पडेपर्यंत. आणि फारच काटेकोर व्हायचं ठरवलं, तर हिरा काय नि ग्रॅफाइट काय, दोन्ही अर्धस्थिर आहेत. अणुकेंद्रांना अमर्याद काळ आणि मोकळी वाट मिळाली तर त्यांचा प्रवास लोखंडाच्या आसपासच्या मूलद्रव्यांकडे होईल. म्हणजे खरा समतोल असं म्हणतानाही तो कोणत्या काळापुरता, हे सांगावंच लागतं. रसायनतज्ज्ञाला तासांचा काळ पुरतो. भूगर्भतज्ज्ञाला तो पुरत नाही. हा मुद्दा पुढे हवामानाच्या प्रश्नात पुन्हा लागणार आहे.

आता शरीराकडे येऊ. समतोलाची भाषा इथे सर्वांत जास्त चालते आणि सर्वांत जास्त चुकते. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकात शरीराच्या अंतर्गत वातावरणाची स्थिरता ओळखली. वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये तिला होमिओस्टॅसिस हे नाव दिलं. दोघांनाही माहीत होतं की ही स्थिरता कमावलेली आहे. पेशीच्या पातळीवर पाहिलं तर हे लख्ख दिसतं. पेशीच्या आत पोटॅशियमचं प्रमाण बाहेरच्या जवळजवळ तीसपट आणि सोडियमचं बाहेरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतं. पेशीच्या पटलातून दोन्ही झिरपत असतात, त्यामुळे हा फरक आपोआप मिटायला हवा. तो मिटत नाही, कारण पटलात बसलेला एक पंप प्रत्येक फेरीत तीन सोडियम आयन बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आयन आत घेतो आणि त्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च करतो. येन्स स्कौ यांनी तो १९५७ मध्ये शोधला आणि १९९७ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के असूनही विश्रांतीच्या वेळी तो वीस टक्क्यांच्या आसपास ऊर्जा घेतो, आणि तिचा मोठा वाटा असे पंप चालू ठेवण्यातच जातो.

रक्तपुरवठा थांबला तर काय होतं? काही मिनिटांत पंप मंदावतात, सोडियम आत शिरतं, त्यामागून पाणी शिरतं आणि पेशी फुगू लागते. पेशी समतोलाकडे निघालेली असते. आपण ज्याला आरोग्य म्हणतो ते समतोलापासून राखलेलं अंतर आहे.

रूडॉल्फ शोनहायमर यांचे १९३० च्या दशकातले प्रयोग याच दिशेचे होते. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी नायट्रोजन-१५ या जड नायट्रोजनची खूण असलेली अमिनो आम्लं प्रौढ उंदरांना खाऊ घातली. उंदरांचं वजन बदलत नव्हतं, त्यामुळे हा नायट्रोजन इंधनासारखा वापरून बाहेर टाकला जाईल, अशी तेव्हाच्या समजुतीप्रमाणे अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्याचा निम्म्याहून जास्त भाग शरीरातल्या प्रथिनांमध्ये जाऊन बसलेला सापडला. स्थिर दिसणारं शरीर आतून सतत मोडलं आणि बांधलं जात होतं. विटा बदलत राहतात आणि इमारत तीच दिसते, असा हा प्रकार.

रक्ताची आम्लता तर मला या साऱ्या विषयाचं सर्वांत सुंदर उदाहरण वाटते. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. त्यामागे बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइड यांची जोडी आहे. आता बंद भांड्यातल्या समतोलाचं रसायनशास्त्र लावलं, तर ही जोडी या कामाला अगदी सुमार ठरते. तिची ताकद पीएच ६.१ च्या आसपास सर्वांत जास्त असते, ७.४ ला ती बरीच घटते. तरी ती शरीरात उत्तम चालते, कारण शरीर बंद भांडं नाही. फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात, मूत्रपिंडं बायकार्बोनेट राखतात. समतोलाच्या हिशोबाने जे दुबळं, ते प्रवाहामुळे समर्थ होतं. हे एकदा समजलं की अल्कधर्मी पाणी पिऊन रक्ताचा समतोल साधण्याची जाहिरात किती पोकळ आहे ते कळतं. निरोगी माणसाच्या रक्ताचा पीएच पेल्यातल्या पाण्याने ठरत नाही. आणि ज्याची मूत्रपिंडं निकामी होत आहेत त्याला पेला पुरत नाही. अशा माणसाला समतोलाची भाषा सांगून उपचारापासून दूर ठेवणं हा गुन्हाच आहे, असं मी मानतो.

पृथ्वीबद्दलही हेच. जेम्स लव्हलॉक यांनी १९६५ मध्ये सुचवलं की परग्रहावर जीवन शोधायचं तर त्याच्या वातावरणात समतोल आहे की नाही ते बघावं. मंगळ आणि शुक्र यांच्या वातावरणात ९५ टक्के किंवा त्याहून अधिक कार्बन डायऑक्साइड आहे. ती रासायनिकदृष्ट्या जवळपास निवालेली वातावरणं आहेत. पृथ्वीच्या हवेत मात्र २१ टक्के ऑक्सिजन आहे आणि त्याच्या सोबतीने मिथेनही आहे. मिथेन ऑक्सिजनसोबत टिकू शकत नाही, दहा-बारा वर्षांत तो संपतो. तरी तो आहे, कारण सजीव तो भरत असतात. निसर्गाचा समतोल राखा असं म्हणताना आपल्याला जे राखायचं आहे, ते नेमकं हे समतोलाबाहेर असणं आहे.

ही नुसती शब्दांची काटेकोरी असती तर मी एवढं लिहिलं नसतं. चुकीच्या कल्पनेवर धोरण उभं राहिलं की माणसं आणि जंगलं त्याची किंमत मोजतात. अमेरिकेत १९१० च्या ऑगस्टमध्ये वायव्य भागातल्या वणव्याने दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर क्षेत्र जाळलं. त्यानंतर आग म्हणजे जंगलाच्या समतोलाची शत्रू हे ठरून गेलं. १९३५ मध्ये वनखात्याने नियम केला की आगीची खबर मिळाल्यावर ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. त्याच काळात फ्रेडरिक क्लेमेंट्स यांचा सिद्धान्त पर्यावरणशास्त्रावर राज्य करत होता. जंगल टप्प्याटप्प्याने एका अंतिम, स्थिर अवस्थेकडे जातं आणि तिथे थांबतं, असं तो सांगत होता. हेन्री ग्लीसन यांनी १९२६ मध्ये त्याला विरोध केला, पण तो फारसा ऐकला गेला नाही. पश्चिमेकडच्या कोरड्या पॉन्डेरोसा पाइनच्या जंगलांत दर काही वर्षांनी जमिनीलगतची बारीक आग झुडपं साफ करत असे. तीच दाबली गेल्यामुळे दशकानुदशकं जळाऊ साठा वाढत राहिला. मग जी आग लागते ती शेंड्यापर्यंत चढते. दाबलेली आग म्हणजे राखलेला समतोल, असं मानलं गेलं होतं. प्रत्यक्षात ते ठिणगीची वाट बघणारं अर्धस्थिर मिश्रण होतं.

सगळ्या जंगलांना मात्र हे सरसकट लागू होत नाही, आणि ते सांगणं आवश्यक आहे. १९८८ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग आगीच्या तडाख्यात सापडला. तिथल्या लॉजपोल पाइनच्या जंगलात मोठ्या आगी शेकडो वर्षांच्या अंतराने येतच असतात, आणि त्या झाडाचे अनेक शंकू आगीच्या उष्णतेनेच उघडतात. तिथे मुख्य कारण होतं ते अतिशय कोरडं वर्ष. प्रत्येक व्यवस्थेची स्वतःची लय असते, ती समतोल या एकाच सूत्रात मावत नाही.

मासेमारीची गोष्ट त्याहून कडू आहे. महत्तम शाश्वत उत्पादन ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्याला मत्स्यव्यवस्थापनाचा पाया बनली. तिचं सोपं रूप असं आहे. माशांची संख्या पर्यावरण पेलू शकेल त्याच्या निम्म्यावर ठेवली, की दरवर्षीची वाढ सर्वांत जास्त असते. तेवढीच काढली तर साठा तिथेच राहील. हा कागदावरचा समतोल आहे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळच्या उत्तरेकडच्या कॉड माशांची पकड १९६८ मध्ये आठ लाख टनांवर गेली आणि मग कोसळली. १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांचं क्षेत्र आपल्या ताब्यात घेतलं आणि शास्त्रीय मोजमापाने कोटा ठरू लागला. त्या मोजमापात व्यापारी ट्रॉलरांच्या पकडीचा आकडाही वापरला जात होता. कॉड थोडे उरले की एका ठिकाणी गोळा होतात आणि ट्रॉलर नेमके तिथेच जातात, त्यामुळे समुद्र रिकामा होत असतानाही दर खेपेची पकड भरघोस दिसत राहिली. सळईवरचे आकडे स्थिर होते, वाहून जाणारं कोणी मोजत नव्हतं. २ जुलै १९९२ रोजी मासेमारी बंद करण्यात आली. सुमारे ३० हजार माणसांचा रोजगार गेला.

ही बंदी दोन वर्षांची म्हणून जाहीर झाली होती. ढळलेलं हाताने सोडलं की परत जागेवर येतं, हा विश्वास त्या दोन वर्षांमागे होता. व्यापारी मासेमारीवरची ही बंदी औपचारिकपणे उठायला २०२४ साल उजाडलं, आणि तेव्हाही कोटा होता १८ हजार टन. त्या बत्तीस वर्षांना मी समतोलाच्या चुकीच्या कल्पनेचा हिशोब मानतो. हाव आणि राजकारणही त्यात होतंच. पण हावेला शास्त्राचा आधार या कल्पनेने मिळवून दिला.

अर्थशास्त्राने ही कल्पना थेट भौतिकशास्त्रातून उचलली. अर्थतज्ज्ञ अर्व्हिंग फिशर यांच्या प्रबंधाला मार्गदर्शन करणाऱ्यांत स्वतः गिब्ज होते. फिशर यांनी बाजारातल्या किमती कशा ठरतात हे दाखवायला टाक्या आणि नळ्यांचं पाण्यावर चालणारं यंत्र बांधलं होतं. केनेथ अॅरो आणि जेरार्ड देब्रू यांनी १९५४ मध्ये सिद्ध केलं की काही अटी पाळल्या तर सगळ्या बाजारांचा एकाच वेळी मेळ घालणाऱ्या किमती अस्तित्वात असतात. हे गणित फार मोठं आहे. पण अशा किमती असतात म्हणजे बाजार त्यांच्यापर्यंत पोहोचतो, असं त्यातून निघत नाही. हर्बर्ट स्कार्फ यांनी १९६० मध्येच अशी उदाहरणं रचून दाखवली, ज्यांत किमती त्या बिंदूभोवती फिरत राहतात आणि कधीच पोहोचत नाहीत. १९७० च्या दशकात सोनेनशाइन, मँटेल आणि खुद्द देब्रू यांनी दाखवलं की या सिद्धान्ताच्या नेहमीच्या गृहीतकांतून समतोल एकच असेल किंवा स्थिर असेल याची हमी मिळत नाही. एवढं सगळं पन्नास वर्षांपूर्वी लिहिलं गेलं, तरी बाजाराला मोकळं सोडा, तो आपला समतोल शोधेल, हे वाक्य आजही पुराव्याविना खपतं.

जॉन नॅश यांनी १९५० मध्ये मांडलेला समतोल वेगळाच आहे. त्यात कोणाचाही एकट्याने चाल बदलून फायदा होत नाही, एवढंच. कैद्यांचा पेच या प्रसिद्ध उदाहरणात दोघेही गुन्हा कबूल करतात आणि दोघे गप्प राहिले असते त्याहून दोघांचंही जास्त नुकसान होतं, तरी तो समतोलच असतो. अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ मध्ये हेच मोठ्या पटावर मांडलं होतं की लाखो बेरोजगार असतानाही अर्थव्यवस्था एका जागी स्थिरावू शकते. समतोल आहे म्हणून तो चांगला आहे, हे गृहीतक इथे साफ कोसळतं.

यावर एक रास्त आक्षेप येतो. समतोल गृहीत धरल्याशिवाय गणितच होत नाही, मग शास्त्रज्ञांनी करायचं काय? हा आक्षेप मला मान्य आहे आणि त्याचं उत्तर आनुवंशशास्त्राकडे आहे. १९०८ मध्ये हार्डी आणि वाइनबर्ग यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की निवड, उत्परिवर्तन, स्थलांतर, योगायोग यांपैकी काहीच नसेल आणि जोड्या यादृच्छिक जुळत असतील, तर जनुकांचं प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तसंच राहतं. ही सगळी अट पुरी करणारा समूह जगात नाही. नियमाचा उपयोग त्यातच आहे. प्रत्यक्षातले आकडे त्या शून्यरेषेपासून किती दूर आहेत ते मोजलं की कोणता प्रभाव काम करतो आहे त्याचा माग लागतो. समतोल असा मोजपट्टी म्हणून वापरावा. हार्डी-वाइनबर्ग समतोल परत प्रस्थापित करण्यासाठी कोणी सरकारकडे निधी मागत नाही.

हवामानाच्या प्रश्नात हे सगळे धागे एकत्र येतात. पृथ्वी सूर्याकडून सरासरी दर चौरस मीटरला सुमारे २४० वॅट ऊर्जा शोषते आणि जवळजवळ तेवढीच अवकाशात परत पाठवते. हा स्थिरावस्थेचा मेळ आहे, समतोलाचा नव्हे, आणि आज तो सुमारे एका वॅटच्या फरकाने बिघडलेला आहे. या जादा उष्णतेतली नव्वद टक्क्यांहून अधिक महासागरांत जाते. पृथ्वी आपला समतोल साधेल असं जे म्हणतात ते एका अर्थी बरोबर आहेत. तापमान वाढलं की बाहेर जाणारी ऊर्जा वाढते आणि मेळ पुन्हा बसतो. कोणत्या तापमानाला बसेल, हा प्रश्न आहे. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर पृथ्वी अखेर किती तापून स्थिरावेल, याचा १९७९ च्या चार्नी अहवालातला अंदाज १.५ ते ४.५ अंश होता. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २०२१ मधल्या अहवालाने तो २.५ ते ४ अंश केला, मध्यवर्ती अंदाज ३ अंश. हे आकडे अखेरच्या अवस्थेचे आहेत, आणि तिथे पोहोचायला वेगवेगळ्या भागांना वेगवेगळा काळ लागतो. हवेला आठवडे, समुद्राच्या वरच्या थराला वर्षं आणि दशकं, खोल समुद्राला शतकं, हिमचादरींना हजारो वर्षं.

म्हणून उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणून तापमान थांबवलं, तरी समुद्र थांबत नाही. आयपीसीसीच्या त्याच अहवालानुसार तापमानवाढ १.५ अंशांवर रोखली तरी पुढच्या २,००० वर्षांत समुद्रपातळी सुमारे २ ते ३ मीटर वाढेल, आणि २ अंशांवर रोखली तर २ ते ६ मीटर. धोरणांच्या चर्चेतली बहुतेक कोष्टकं मात्र २१०० पाशी संपतात आणि वाचणाऱ्याला वाटतं की तिथे सगळं निवांत होईल. किनाऱ्यावरचं बंदर, रस्ता, अणुभट्टी यांच्या आराखड्यात 'स्थिर' हा शब्द ज्या पानावर येतो, त्याच पानावर तीन गोष्टी छापण्याची सक्ती असावी, अशी माझी मागणी आहे. काय स्थिर होणार, कोणत्या वर्षापर्यंत, आणि तोवर ते तसं ठेवण्यासाठी दरवर्षी कोणाला काय करत राहावं लागेल.